९, १६ की ३१ हजारांचा बोर्ड? नव्या गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड निवडताना

प्रश्न असा आहे: कोथरूडच्या एका गृहस्थांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याच्यासाठी मॉनिटर सोडून १ लाख १० हजार रुपयांत गेमिंग पीसी असेंबल करून घ्यायचा आहे. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६०० ठरला आहे. बुधवार पेठेतील दुकानदाराने तीन मदरबोर्ड दाखवले: ए६२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) सुमारे ९ हजारांचा, बी६५० चिपसेटचा १६ हजारांचा आणि एक्स६७०ई चिपसेटचा ३१ हजारांचा. तिसरा घेतल्यास गेम अधिक चांगले चालतील, असे त्याचे म्हणणे आहे. यांपैकी कोणता घ्यावा?

बी६५० घ्यावा, हे आधीच सांगून टाकतो. मात्र नेमका कोणता बी६५०, हे पाहून घ्यावे लागेल, कारण या एकाच नावाखाली अगदी निरनिराळ्या दर्जाचे बोर्ड विकले जातात.

तिसऱ्या बोर्डाने गेम चांगले चालतील, हे दुकानदाराचे म्हणणे खरे नाही. सेकंदाला किती फ्रेम मिळणार हे ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि काही अंशी रॅम ठरवते. तोच प्रोसेसर, तेच कार्ड आणि तीच रॅम या तीनही बोर्डांवर आळीपाळीने बसवली, तर प्रोसेसरला वीज नीट मिळत असेपर्यंत खेळणाऱ्याला काहीही फरक जाणवणार नाही. पंधरा हजार रुपये बोर्डावर जास्त घालण्याऐवजी ग्राफिक्स कार्डाकडे वळवले, तर आठ जीबी मेमरीच्या कार्डाऐवजी सोळा जीबीचे कार्ड आवाक्यात येऊ शकते, आणि तो फरक मात्र पहिल्याच दिवशी दिसतो. म्हणून बोर्ड निवडताना मी गाळणीने सुरुवात करतो. पुढे त्रास देऊ शकतील असे बोर्ड एकेक करून बाजूला काढायचे आणि जे उरतील त्यांतला स्वस्त घ्यायचा.

पहिली गाळणी सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेची. रायझन ५ ७६०० हा एएम५ सॉकेटचा प्रोसेसर आहे. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले, त्यावर केवळ डीडीआर५ रॅम चालते आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटला आधार देत राहू, असे एएमडीने जाहीर केले आहे. कंपन्यांच्या आश्वासनांवर मी सहसा फार विसंबत नाही, पण इथे मागचा अनुभव बोलका आहे. आधीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस (यंत्र सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी (एक्स३डी म्हणजे जास्तीच्या कॅश मेमरीमुळे गेममध्ये वेगवान ठरणारा प्रोसेसर) बसवता आला. माझ्या ओळखीच्या दोघांनी तेच केले आणि बोर्ड, रॅम, कॅबिनेट यांतले काहीही न बदलता त्यांची यंत्रे अजून चालू आहेत. इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० या सॉकेटने बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या अशा तीन पिढ्या सांभाळल्या, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे नवे सॉकेट घ्यावे लागते. आपल्या मुलाने तीन-चार वर्षांनी आठ कोअरचा एक्स३डी प्रोसेसर टाकायचे ठरवले, तर आजचा बोर्ड त्या वेळी उपयोगी पडावा, ही अपेक्षा एएम५ वर रास्त आहे. पुढचे सगळे विवेचन याच अपेक्षेवर उभे आहे.

आता ज्या भागाकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते आणि ज्यामुळे बोर्डाबोर्डांत खरा फरक पडतो, त्याकडे येतो. एसएमपीएस (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला १२ व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतात साधारण १.१ ते १.३ व्होल्ट. हा व्होल्टेज उतरवण्याचे काम सॉकेटच्या डाव्या व वरच्या बाजूला असलेली व्हीआरएम नावाची व्यवस्था करते. बोर्डावर जे करड्या रंगाचे चौकोनी ठोकळे रांगेने बसलेले दिसतात ते चोक, आणि त्यांच्या शेजारी हीटसिंकखाली झाकलेले असतात ते मॉस्फेट. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण १.२ व्होल्टला ८८ वॉट म्हणजे सत्तरहून अधिक अँपिअर होतात. एवढा प्रवाह मॉस्फेटमधून जाताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, आणि ती उष्णता बाहेर टाकायला हीटसिंक नसेल तर ती तिथेच साठत राहते. रायझन ७ ७८००एक्स३डीची मर्यादा १६२ वॉटची आहे. गेममध्ये तो त्याच्या बराच खाली राहतो हे खरे, पण मुलगा अभियांत्रिकीचा आहे. रेंडरिंग किंवा सिम्युलेशन चालवताना सगळे कोअर एकदम कामाला लागले, की खपाचे गणित बदलते.

याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. धानोरीत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत एका मुलाचे यंत्र होते: आठ परफॉर्मन्स कोअरचा इंटेल प्रोसेसर आणि त्याखाली सर्वांत स्वस्त चिपसेटचा, व्हीआरएमवर हीटसिंक नसलेला बोर्ड. एप्रिल महिना होता. गेम चाळीस मिनिटे उत्तम चाले आणि मग फ्रेम निम्म्यावर येत. त्याने ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिले, विंडोज नव्याने टाकले, रॅम पुसून बसवली. मी कॅबिनेटचे झाकण काढून घरातला टेबल फॅन थेट बोर्डावर सोडला, तेव्हा तीन-चार मिनिटांत फ्रेम पूर्ववत झाल्या. प्रोसेसर थंडच होता. तापत होते ते मॉस्फेट, आणि ते जळू नयेत म्हणून बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढत होता. डिसेंबरात घेतलेल्या यंत्राचा हा दोष उन्हाळ्यापर्यंत कळलाच नव्हता. पुण्याचा उन्हाळा हल्ली सर्रास ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो. दुकानातल्या वातानुकूलित टेबलावर केलेली चाचणी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून ९ हजारांच्या ए६२० बोर्डाबद्दल माझे मत असे आहे: तो टाकाऊ नाही, आणि ७६०० त्यावर रडतखडत नव्हे तर नीट चालेल. पण ए६२० हा चिपसेट मुळात ६५ वॉट वर्गातील प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवून आणला गेला. त्याहून मोठ्या प्रोसेसरला आधार द्यायचा की नाही हे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवायचे असते, आणि या किमतीतल्या बहुतेक बोर्डांवर व्हीआरएम उघडाच असतो. आज सात हजार वाचतील, पण उद्या एक्स३डी प्रोसेसर आणताना बोर्डही बदलावा लागू शकतो. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळे यंत्र उसवायचे, हे ज्याने एकदा केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बी६५० घेतानाही नुसते चिपसेटचे नाव पाहून भागत नाही. व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंवर, निदान डाव्या बाजूवर, भरीव धातूचा हीटसिंक हवा आणि तो प्लास्टिकचे झाकण नसून खरोखर धातूचा असावा. बोट लावून पाहिले तरी कळते. खोक्यावर छापलेल्या ‘१२+२+१ फेज’ (फेज म्हणजे व्हीआरएममधील चोक-मॉस्फेटचा एक संच) यांसारख्या आकड्यांवर मात्र निर्णय घेऊ नये. काही बोर्डांत दोन-दोन फेज जोडीने एकाच इशाऱ्यावर चालतात आणि तरी त्या वेगळ्या मोजल्या जातात, शिवाय प्रत्येक मॉस्फेट किती अँपिअरचा आहे हे त्या आकड्यातून कळत नाही. आठ चांगल्या फेज बारा सामान्य फेजांपेक्षा उजव्या ठरू शकतात.

मग एक्स६७०ई मध्ये १५ हजार जास्त कशाचे? त्यात चिपसेटच्या एकाऐवजी दोन चिपा असतात. त्यामुळे यूएसबी, साटा (हार्ड डिस्कचे पोर्ट) आणि एम.२ (एसएसडीचे) स्लॉट वाढतात, आणि ग्राफिक्स स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस ५.०, म्हणजे कार्ड व प्रोसेसर यांच्यातील जोडणीची अधिक वेगवान आवृत्ती, मिळते. व्हिडिओ संपादन करणारा, चार-पाच एसएसडी बाळगणारा माणूस असेल तर त्याला मी तो आनंदाने देईन. गेमसाठी ५.० ची गरज आज नाही. रायझन ७००० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसर या जोडणीच्या एकूण २८ लेन, म्हणजे माहिती वाहणाऱ्या वाटा, देतो. त्यांतील चार चिपसेटकडे जातात आणि उरलेल्या २४ पैकी १६ ग्राफिक्स कार्डाला व चार-चार दोन एम.२ एसएसडींना मिळतात. एका गेमिंग यंत्राला एवढे पुरते. लेनच्या बाबतीत खरा फटका उलट दिशेने बसतो. आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० टीआय यांसारखी कार्डे सोळाऐवजी आठच लेन वापरतात. जुन्या, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर ती बसवली, तर कार्डाची मेमरी अपुरी पडू लागताच वेग चांगलाच घसरतो. बी६५० वर स्लॉट ४.० चा असतो, त्यामुळे ती काळजी नाही.

एम.२ स्लॉट दोन असावेत. एकाच्या भरवशावर राहू नये, कारण आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे सहज जातात आणि एक टीबीची एसएसडी वर्षभरात भरते. इथे एक गंमत असते, ती मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेली असते. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. एक जण घाबरून माझ्याकडे आला होता, की नवी एसएसडी बसवल्यापासून लग्नाचे फोटो असलेली जुनी हार्ड डिस्कच दिसत नाही. हार्ड डिस्क ठणठणीत होती. केबल शेजारच्या पोर्टला लावली आणि फोटो परत आले. खरेदीपूर्वी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअल उतरवून घ्यावे आणि त्यातील एम.२ चा तक्ता वाचावा. दहा मिनिटांचे काम आहे.

रॅमबद्दल थोडक्यात. एएम५ वर डीडीआर५-६०००, सीएल (प्रतिसादाचा विलंब) ३० किंवा ३६, एक्सपो प्रोफाइलसह (रॅमचा छापील वेग लागू करणारी तयार सेटिंग), दोन काड्यांत घ्यावी. रॅमचे चार स्लॉट आहेत म्हणून चार काड्या घालू नयेत. ७००० मालिकेच्या प्रोसेसरला दोन काड्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, आणि चारही स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. त्यामुळे दोनच स्लॉट असलेला मायक्रो एटीएक्स बोर्ड गेमिंगसाठी कमीपणाचा नाही. स्लॉट चार असतील तर काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सपो सुरू करावे. ते न केल्यामुळे ६००० ची रॅम घेऊन ४८०० वर वर्षभर गेम खेळणारे मी अनेक पाहिले आहेत.

आकाराचा प्रश्न कॅबिनेटवर अवलंबून आहे. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. यांत कामगिरीचा फरक नाही. वाय-फायचा बोर्ड दीड-दोन हजारांनी महाग पडतो. मुलाच्या खोलीपर्यंत लॅनची केबल जात असेल तर तो खर्च टाळावा, केबलवर गेम अधिक स्थिर चालतात. रंगीत दिव्यांबद्दल माझे मत विचारू नये, पण घ्यायचेच असतील तर एक लक्षात ठेवावे: बोर्डावर ५ व्होल्टचे तीन पिनांचे आणि १२ व्होल्टचे चार पिनांचे असे दोन प्रकारचे हेडर असतात, आणि ५ व्होल्टची पट्टी जबरदस्तीने १२ व्होल्टवर लावली की ती जळते.

बायोसची बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. बोर्डाच्या मागच्या बाजूला ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा त्या अर्थाचे बटण असलेला बी६५० निवडावा. फॅट३२ स्वरूपाच्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवून ते बटण दाबले, की प्रोसेसर व रॅम नसतानाही बायोस बदलता येतो. ७६०० साठी आज त्याची गरज पडणार नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली रायझन ९००० मालिका त्याआधी बनलेल्या बोर्डांवर नव्या बायोसशिवाय चालूच होत नाही, आणि पुढचा प्रोसेसर आणाल तेव्हा हीच अडचण येऊ शकते. बायोस अपडेट म्हणजे केवळ नवे प्रोसेसर ओळखणे नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती बायोसमधूनच. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अस्थिरतेवरचा उपायही मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) रूपाने बायोसमधूनच आला. म्हणून ज्या कंपनीचे बायोस वेळेवर येत राहतात आणि ज्या बोर्डाच्या पानावर गेल्या काही महिन्यांतला बायोस दिसतो, तोच बोर्ड घ्यावा. अपडेट करताना यूपीएस असू द्यावा, आणि पुण्यात तरी हे काम गुरुवारी काढू नये, देखभालीसाठी वीज घालवण्याचा तो ठरलेला वार आहे.

विजेचा विषय निघालाच आहे, तर अर्थिंगबद्दल सांगतो. पेठांतील जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या सोसायट्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार कुठेच गेलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर यंत्र चालू करण्याआधी वायरमनला बोलवावे. दुसरे म्हणजे वळवाचा पाऊस. मे महिन्यात विजा कडाडू लागल्या की माझ्याकडे लॅन पोर्ट गेलेले बोर्ड येऊ लागतात, विशेषतः जिथे इंटरनेटची तांब्याची केबल गच्चीवरून उघडी आलेली असते. प्लग काढला पण लॅनची केबल तशीच राहिली, असे बहुतेकांच्या बाबतीत घडलेले असते. अशा नुकसानीला वॉरंटी लागू होत नाही.

वॉरंटी ही शेवटची गाळणी, आणि ३१ हजारांचा बोर्डही तिच्यात अडकू शकतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या बोर्डांना भारतात साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ती अधिकृत वितरकामार्फत आलेल्या मालालाच. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या व बोर्डावरच्या स्टिकरशी तिथेच जुळवून पाहावा. बिलाशिवाय दोन हजार कमी, असे कोणी म्हटल्यास ते दोन हजार तीन वर्षांच्या वॉरंटीची किंमत आहेत असे समजावे.

आणखी एक गोष्ट दुकानातच करायची आहे. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात. त्या एकूण १७१८ असून केसासारख्या बारीक असतात. खोके उघडल्यावर सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि बोर्ड हळूहळू फिरवावा. सगळ्या पिना सारख्या असतील तर त्यांच्यावरचा उजेड शेतातल्या पिकावरून वारा जावा तसा एका लयीत सरकतो. एखादी वाकलेली असेल तर तेवढा एक ठिपका वेगळा चमकतो किंवा काळा राहतो. त्या अवस्थेत सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. वाकलेली पिन म्हणजे ग्राहकाने केलेली मोडतोड, असे सर्व्हिस सेंटर धरून चालते, आणि नंतर वाद घालून उपयोग होत नाही. माझ्या एका ग्राहकाचा जवळपास नवा बोर्ड केवळ अशा फोटोअभावी वॉरंटीतून बाद झाला. ते काळे झाकणही खोक्यात जपून ठेवावे. बोर्ड दुरुस्तीला देताना सॉकेटवर ते नसेल, तर बोर्ड परत केला जाऊ शकतो.

तेव्हा आपल्या १६ हजारांच्या बोर्डावर धातूचा व्हीआरएम हीटसिंक, दोन एम.२ स्लॉट आणि फ्लॅशबॅकचे बटण आहे का, एवढे त्या दुकानदाराला विचारावे. तिन्ही असतील तर तोच घ्यावा. हीटसिंक नसेल, तर त्याच चिपसेटचा दुसरा बोर्ड हजार-दीड हजार जास्त देऊन घ्यावा. बी६५० संपला असेल आणि जवळपास त्याच किमतीत नवा बी८५० मिळत असेल, तर तोही हेच निकष लावून चालेल.

असेंबल झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पंखे फिरतील, पण पडदा काळाच राहील आणि बऱ्याच बोर्डांवर रॅमशेजारी एक पिवळा दिवा लागून राहील. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो. डीडीआर५ वर या कामाला कधी कधी पाच-दहा मिनिटेही लागतात. मुलगा घाबरून बटण पुन्हा दाबायला जाईल. त्याला दाबू देऊ नका.